स्वयमचा कोर्स, तीस मार्कांची भिंत आणि ‘बघून झालं’चा भास

हे या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात आणि आजच्या भागात आकडे बरेच आहेत, म्हणून हे पान सेव्ह करून ठेवा. बोलताना मधेमधे आलेले ‘म्हणजे कसंय ना’ आणि शेजारच्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जे बोलले तेच इथे आहे.

विषय आहे कॉलेजचे ऑनलाइन कोर्स. तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार साधारण अशी असते: “ताई, सगळे व्हिडिओ बघितले. असाइनमेंटला २५ पैकी २३ होते. तरी सर्टिफिकेट आलं नाही. पोर्टलमध्ये काही गडबड आहे का?”

मी मार्कांचा स्क्रीनशॉट मागवते. असाइनमेंट २३, परीक्षा २७, एकूण ५०. शंभरपैकी पन्नास! आपल्या शाळेच्या हिशेबाने तर आरामात पास. मग सर्टिफिकेट का नाही? पोर्टलमध्ये काहीच गडबड नसते, पण हे आधी कुणी समजावून सांगितलेलं नसतं. आणि या पोरांचं नुकसान फक्त एका कागदाचं होत नाही. ज्यांच्या कॉलेजने हा कोर्स डिग्रीच्या क्रेडिटसाठी धरलेला असतो त्यांचे ते क्रेडिट अडकतात, कधीकधी शेवटच्या सेमिस्टरला. घरी “पोरगं पास झालं” असं सांगून झालेलं असतं आणि निकालपत्रात एक ओळ रिकामी.

तर आज नीट बघू. ऑनलाइन कोर्स शेकडो आहेत, पण मी स्वयम आणि त्यातही एनपीटेलबद्दल बोलणार आहे, कारण तुमचे नव्वद टक्के प्रश्न त्याच्यावरचे असतात. (नव्वद हा माझा अंदाज हं, मोजलेलं नाही.)

हे नक्की काय आहे

पटकन सांगते. एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा प्रकल्प, २००३ साली सुरू झालेला. आधी फक्त लेक्चरचे व्हिडिओ होते. परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळायची सोय २०१४ पासून. स्वयम हे केंद्र सरकारचं पोर्टल, ९ जुलै २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी सुरू केलं. एनपीटेल हा त्यातला एक भाग. इग्नू, आयआयएम बंगळुरू वगैरेंचे कोर्सही तिथेच असतात. आणि २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करायची परवानगी विद्यापीठ देऊ शकतं.

‘देऊ शकतं’ हे शब्द लक्षात ठेवा. यूजीसीने दार उघडलंय. तुमचं कॉलेज त्या दारातून कुठला कोर्स आत घेणार, किती क्रेडिटला घेणार, कुठल्या विषयाच्या बदल्यात घेणार, हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. म्हणून कोर्स निवडायच्या आधी विभागातल्या सरांना किंवा मॅडमना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. साधा ईमेल चालेल. “सर म्हणाले होते चालेल” याला परीक्षा विभागाच्या खिडकीवर काडीची किंमत नसते. बऱ्याच कॉलेजांत एनपीटेलचं लोकल चॅप्टर असतं आणि त्याची जबाबदारी एका प्राध्यापकांकडे असते. ते कोण, हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढा.

मार्कांचं गणित

आता त्या ५० मार्कांकडे येऊ. एनपीटेलच्या नेहमीच्या कोर्सला २५ मार्क असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. सर्टिफिकेटसाठी दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. दोन्ही पाहिजेत. २३ अधिक २७ बरोबर ५० असले तरी परीक्षेतले २७ हे ३० पेक्षा कमी आहेत, विषय संपला. इकडचे जास्तीचे मार्क तिकडे ओतता येत नाहीत.

आणि उलटंही होतं. १२ आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला एक अशा १२ असाइनमेंट असतात, त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ धरतात. (८ आठवड्यांच्या कोर्सला ८ पैकी ६, ४ आठवड्यांच्या कोर्सला ४ पैकी ३.) आता समजा एका हुशार मुलीने पहिल्या तीन असाइनमेंट केल्या, तिन्हीत शंभरपैकी शंभर. मग कॉलेजचं गॅदरिंग आलं, मग सबमिशन आलं, मग राहूनच गेलं. तिची सरासरी किती? तीनशे भागिले आठ, म्हणजे साडेसदतीस टक्के. २५ च्या मापात ते होतात ९.३७. दहाला थोडेसे कमी. आता ती परीक्षेत ७० मिळवून आली तरी सर्टिफिकेट नाही. अजून एक असाइनमेंट, अगदी निम्मी बरोबर आली असती, तरी ती सुटली असती.

मला हे गणित फार आवडतं, कारण त्यातून दोन गोष्टी एकदम कळतात. एक, चार असाइनमेंट हुकल्या तरी जग बुडत नाही. घरात लग्न असो, ताप येवो, लाईट जावो, चार आठवड्यांची सूट आधीच दिलेली आहे. दुसरी, ती सूट पहिल्या महिन्यात आळसात उडवली की शेवटी खरी अडचण येते तेव्हा हातात काही उरत नाही. दिवाळीसाठी ठेवलेले पैसे गणपतीतच संपवल्यासारखं.

प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सेसना नियम थोडे वेगळे असतात, आणि एनपीटेल सोडून बाकी संस्थांच्या कोर्सेसना मार्कांची विभागणीही वेगळी असू शकते. कोर्सच्या पहिल्या पानावर हे सगळं लिहिलेलं असतं. तो मजकूर कंटाळवाणा आहे, कबूल. पण वाचायला दहा मिनिटं लागतात.

दोन वेगळी बटणं

हा मुद्दा छोटा आहे, पण याच्यामुळे जेवढे क्रेडिट बुडालेले मी ऐकलेत तेवढे कठीण पेपरमुळे नाही. कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. कोर्स फुकट असतो. बटण दाबलं, झालात तुम्ही विद्यार्थी. परीक्षेचा फॉर्म नंतर, मधल्या काही आठवड्यांत उघडतो. तो वेगळा भरायचा, त्याची फी वेगळी (एनपीटेलला एका कोर्सला हजार रुपयांच्या आसपास, आणि काही प्रवर्गांना सवलत, त्या सत्राची सूचना बघून घ्या). पोरं बारा आठवडे इमानदारीने असाइनमेंट भरतात आणि त्यांना वाटत असतं की परीक्षेला आपलं नाव आपोआप जाईल. जात नाही. फॉर्मची तारीख गेली की गेली.

फॉर्ममध्ये परीक्षेचं शहर निवडावं लागतं, म्हणून लवकर भरा. उशिरा भरणाऱ्याला जवळचं केंद्र भरून गेलेलं आढळतं आणि मग सकाळी नऊच्या पेपरसाठी आदल्या रात्री एसटी पकडायची वेळ येते. नाव कॉलेजच्या रेकॉर्डवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी की शेवटी, एवढ्याशा फरकामुळे क्रेडिट जमा करताना खिडकीवर वाद होतात.

‘बघून झालं’ म्हणजे काय झालं?

आता मूळ दुखण्यावर येते. असाइनमेंटला २३ मिळवणारा मुलगा परीक्षेत २७ वर का अडकतो?

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला होता आणि डेटाबेसचा कोर्स करत होता. रात्री जेवण झालं की कानात इअरफोन घालून कॉटवर आडवा व्हायचा आणि लेक्चर बघायचा. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाच लेक्चर, आठवड्याचा कोटा एका रात्रीत फस्त. मी एकदा विचारलं, “झालं का रे?”

“हो ताई, पाचवा वीक पूर्ण.”

“बरं, मग मला सांग, नॉर्मलायझेशन म्हणजे काय?”

तो उठून बसला. “म्हणजे... टेबल असतात ना, ते... सरांनी फार भारी समजावलं होतं गं. बघताना एकदम क्लिअर होतं.”

हे ‘बघताना एकदम क्लिअर होतं’ फार फसवं असतं. शिकवणारे चांगले असले की समोरचं सगळं सरळ वाटतं, आणि आपल्याला ते ओळखीचं वाटतं म्हणजे आपल्याला ते येतं असं आपण धरून चालतो. गाणं शंभर वेळा ऐकलेलं असतं, सोबत गुणगुणताही येतं, पण कुणी माईक हातात दिला की दुसरं कडवं आठवत नाही. तसंच.

यावर एक नावाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला, २००६ साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण एका आठवड्याने पुन्हा घेतली, तेव्हा चित्र उलटं झालं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. आणि यातली गंमत अशी की, ‘आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल?’ असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

आता हे आपल्या कोर्सला लावून बघा. लेक्चर बघितल्या बघितल्या असाइनमेंट केली की ती पाच मिनिटांनी घेतलेली परीक्षा झाली. मार्क पडणारच. पण एनपीटेलची परीक्षा बारा आठवडे संपल्यावर असते. तिसऱ्या आठवड्यात ‘क्लिअर’ वाटलेलं तोवर हवेत विरलेलं असतं, आणि आपल्याला ते विरलंय हेही कळत नाही, कारण यादीत त्या व्हिडिओसमोर बरोबरची खूण दिसत असते.

मग करायचं काय? माझ्या भावाला मी जे करायला लावलं ते सांगते. फार कठीण नाही, फक्त चिकाटी लागते. पहिलं म्हणजे कॉटवरून उठून टेबलाशी. टेबल नसेल तर भिंतीला टेकून मांडीवर वही. फोन कशाला तरी टेकवून आडवा उभा करायचा, आमच्याकडे तो साखरेच्या डब्याला टेकवला जायचा. व्हिडिओ चालू असताना काही लिहायचं नाही. दर आठ-दहा मिनिटांनी एक मुद्दा संपतो, तिथे थांबवायचं, फोन पालथा घालायचा, आणि आत्ता काय सांगितलं ते आपल्या भाषेत चार ओळीत लिहायचं. अडलं की मग परत बघायचं, आणि तेवढंच बघायचं. अर्ध्या तासाच्या लेक्चरला यामुळे पन्नास मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी तो वैतागला होता, “ताई, असं केलं तर आठवडाभर हेच करत बसेन.” हो, तेच तर करायचंय. या कोर्सेसना आठवड्यातून पाच-सहा तास लागतात. ते एका रात्रीत उरकत असतील तर बाकीचे तास परीक्षेच्या हॉलमध्ये वसूल होतात.

दुसरं, दर रविवारी मागच्या सगळ्या आठवड्यांतले मिळून दहा प्रश्न. वही बंद, फोन बंद. प्रश्न कुठून आणायचे? जुन्या असाइनमेंटमधले. तारीख उलटल्यावर उत्तरं पोर्टलवर येतात, त्यामुळे तपासायलाही सोपं. पाचव्या आठवड्यात असताना दुसऱ्या आठवड्यातला प्रश्न चुकला की वाईट वाटतं, पण तो तेव्हा चुकणं फुकट आहे.

वेगाबद्दल खूप जण विचारतात: दीडपट, दुप्पट वेगाने बघितलं तर चालेल का? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यावर प्रयोग झालेत. दुप्पट वेगापर्यंत त्या विद्यार्थ्यांचं समजणं फारसं घसरलं नाही, त्यापुढे घसरलं. पण ते विद्यार्थी रोजच्या वापरातल्या इंग्रजीत साधे माहितीचे व्हिडिओ बघत होते. तुमच्या समोर दुसऱ्या भाषेतलं थर्मोडायनॅमिक्स असेल तर तो निष्कर्ष तसाच उचलू नका. ओळखीच्या भागाला दीडपट, सूत्र मांडत असतील तिथे साधा वेग. उजळणीला दुप्पट खुशाल वापरा.

टेलिग्रामवरची उत्तरं

हो, याबद्दल बोलायलाच हवं. प्रत्येक कोर्सची ‘वीक ५ सोल्यूशन’ टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर फिरत असतात हे मलाही माहीत आहे. मी इथे नीतिमत्तेचं भाषण देणार नाही, ते तुमच्या कॉलेजात देतात. मी फक्त वरचं गणित परत दाखवते. ढापलेल्या उत्तरांनी तुम्ही जास्तीत जास्त २५ पैकी २५ मिळवाल. पास व्हायला परीक्षेत ३० लागतातच, आणि परीक्षा केंद्रावर समोरासमोर, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली होते. म्हणजे जिथे दहाच हवे होते तिथे पंधरा मार्क जास्तीचे जमवले, आणि त्यासाठी बारा आठवड्यांची तालीम विकून टाकली. शिवाय त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात. सगळ्यात पहिला व्हिडिओ टाकायच्या घाईत तो बिचाराही अंदाजच मारत असतो.

यापेक्षा एक चांगली सोय पोर्टलनेच दिलेली आहे. मुदत संपेपर्यंत असाइनमेंट कितीही वेळा परत भरता येते, शेवटचीच धरतात. तर सोमवारी स्वतः सोडवून भरून टाका, दोन दिवस डोक्यात राहू द्या, मग अडलेल्या प्रश्नांवर मित्राशी भांडा आणि बदलायचं ते बदला. मुदत बहुतेक वेळा बुधवारी रात्री ११.५९ ला संपते. बुधवारी रात्री अकराला सगळा देश एकदम लॉगिन करत असतो आणि नेमका तेव्हाच तुमचा डेटा पॅक संपतो, हा निसर्गनियम आहे.

इंग्रजी आणि आपण

ज्यांची बारावी मराठी माध्यमातून किंवा सेमी इंग्रजीतून झाली त्यांच्यासाठी हा भाग, आणि मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्यापैकी एकीने लिहिलं होतं, “लेक्चरमधले सर चांगले आहेत, पण त्यांचं इंग्रजी माझ्या कानाला लागत नाही, दहा मिनिटांत झोप येते. मी मठ्ठ आहे का?”

नाही गं. झोप येते कारण डोकं दोन कामं एकदम करतंय. एक, खरगपूरच्या किंवा मद्रासच्या सरांचे उच्चार पकडणं. दुसरं, त्यातला विषय समजून घेणं. पहिलं काम हलकं केलं की दुसऱ्याला जागा मिळते. कसं? अनेक कोर्सेसच्या लेक्चरचा लिखित मजकूर पीडीएफमध्ये मिळतो, आणि काही कोर्सेसचा तर मराठी अनुवादही एनपीटेलने केलेला आहे. कोर्सच्या पानावर शोधा. व्हिडिओच्या आधी त्या मजकुरावरून पाच मिनिटं नजर फिरवा. सगळं समजायला नाही, फक्त कुठले शब्द येणार आहेत ते बघायला. न कळणारे पाच-सहा शब्द वहीच्या मागच्या पानावर, समोर मराठीत अर्थ. चौथ्या आठवड्यापर्यंत लक्षात येईल की प्रत्येक विषयाचे दीड-दोनशेच शब्द असतात आणि तेच फिरून फिरून येतात. तेवढे ओळखीचे झाले की उच्चार आपोआप सुटे ऐकू येतात.

टिपणं मराठीत काढा की इंग्रजीत? माझं मत: समजून घेणं मराठीत, पारिभाषिक शब्द इंग्रजीतले तसेच. “प्रायमरी की म्हणजे प्रत्येक रांगेची ओळख पटवणारा कॉलम, दोन रांगांत सारखी चालत नाही.” हे वाक्य ज्याला लिहिता आलं त्याला ती गोष्ट आली. परीक्षेतले प्रश्न इंग्रजीत असणार, बहुतेक पर्याय निवडायचे किंवा आकडा भरायचे, लांब निबंध लिहायचे नाहीत. म्हणून रविवारचे दहा प्रश्न मात्र इंग्रजीतच वाचायचे.

आणि शंका विचारायची असेल तर कोर्सच्या चर्चेच्या पानावर विचारा. मोडक्या इंग्रजीत विचारा. तिथे उत्तर देणारे सहायक हे रोज बघतात. त्यांना व्याकरणाशी देणंघेणं नसतं, ‘तिसऱ्या लेक्चरमध्ये १२ व्या मिनिटाला ही पायरी कशी आली’ एवढं नेमकं विचारलं की पुरतं.

घर, फोन आणि “काय सारखा मोबाईल बघत बसतोस”

कॉलेजला जाताना घरच्यांना दिसतं की तुम्ही कॉलेजला चाललाय. ऑनलाइन कोर्स करताना त्यांना दिसतं की तुम्ही मोबाईल बघताय. त्यांचं काही चुकत नाही, दोन्ही दृश्यं सारखीच दिसतात! म्हणून कोर्सचं वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावा, आईला किंवा आजीला दिसेल असं. ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार, सात ते साडेआठ, कोर्स.’ एका श्रोत्याने सांगितलं की त्याने हे केल्यावर आजीच साडेसहाला विचारायला लागली, “तुझा तो क्लास आहे ना आज, मग दळण नंतर आण.” वहीही इथे उपयोगी पडते, समोर वही असली की मोबाईलवरचा आळ निम्मा कमी होतो.

नेटवर्कचं म्हणाल तर कॉलेजच्या वायफायवर आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या आणि घरी फोन विमानाच्या मोडवर टाकून बघा. रेंज नसलेल्या गावातल्या मुलांनी मला हे शिकवलं, आणि त्यांचं म्हणणं असं की व्हॉट्सअॅपची टिंगटिंग नसल्यामुळे अभ्यासही बरा होतो.

आणि एकट्याने करू नका. तोच कोर्स करणारा एक तरी माणूस शोधा, एक पुरे. पंचवीस जणांचा ग्रुप काढला की त्यात गुड मॉर्निंगचे फोटो येतात. दोघांनी ठरवायचं: मंगळवारी रात्री पंधरा मिनिटं फोन, एकाने दुसऱ्याला या आठवड्यातली एक गोष्ट समजावून सांगायची. सांगताना जिथे “ते... ते असतं ना” होतं, तिथेच परीक्षेत अडणार आहे.

किती कोर्स घ्यायचे

एक. पहिल्या वेळी एकच. नाव नोंदवणं फुकट असतं म्हणून जुलैमध्ये पाच-पाच कोर्स घेणारे मी बघितलेत. हा रोग जगभर आहे. हार्वर्ड आणि एमआयटीने त्यांच्या पहिल्या १७ मोफत ऑनलाइन कोर्सेसचा २०१२-१३ चा हिशेब छापला होता. नोंदणी ८,४१,६८७, सर्टिफिकेट मिळवणारे ४३,१९६, म्हणजे शंभरात जेमतेम पाच. आणि नोंदवलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांनी कोर्समधलं काही उघडूनही बघितलं नव्हतं. आता त्यातले बरेच जण नुसते डोकावायला आले असतील, त्यांना नापास म्हणणं बरोबर नाही. पण तुमच्या डिग्रीचे क्रेडिट त्या कोर्सवर टांगलेले असतील तर तुम्ही डोकावायला आलेले नाही.

निवडताना पहिल्या आठवड्याची दोन लेक्चर बघा. यूट्यूबवर एनपीटेलची जुनी लेक्चर पडलेलीच असतात. शिकवणाऱ्यांची पद्धत जमते का, गणित किती आहे, आधी काय यायला हवं. ‘सोपा कोर्स’ म्हणून मित्र सांगतात तो त्यांना सोपा गेलेला असतो.

परीक्षेच्या दिवशी

एक गोष्ट कुणी सांगत नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. बारा आठवडे सगळं बोटाने सरकवत फोनवर केलेलं असतं आणि तिथे अचानक माऊस, मोठा स्क्रीन आणि तीन तास. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत दोन-तीन वेळा बसून जुने प्रश्न तिथल्या स्क्रीनवर सोडवावेत. प्रश्न वाचून कागदावर आकडेमोड, मग स्क्रीनवर उत्तर, या ये-जा करण्याची नजरेला सवय व्हावी लागते. साधी गोष्ट आहे, पण पहिल्या अर्ध्या तासाची घालमेल वाचते.

पेपर सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी २ ते ५ असा असतो. हॉल तिकीट छापून घ्या, मूळ ओळखपत्र घ्या. फोनमधला फोटो दाखवून चालेल या भरवशावर राहू नका. निकालानंतर सर्टिफिकेट ऑनलाइन येतं. ४० च्या पुढे पास, ६० च्या पुढे एलिट, ७५ ला रौप्य, ९० ला सुवर्ण. पण क्रेडिट त्याने आपोआप जमा होतात असं धरू नका. तुमच्या कॉलेजची अर्ज द्यायची जी तारीख असेल त्याच्या आत सर्टिफिकेट आणि तो जपून ठेवलेला ईमेल घेऊन परीक्षा विभागात जा आणि पोच घ्या.

माझ्या भावाला परीक्षेत ७५ पैकी ४८ पडले. तो म्हणतो सुवर्ण थोडक्यात हुकलं. असाइनमेंटचे २१ धरून बेरीज ६९ होते, तुम्हीच ठरवा किती थोडक्यात ते.

परीक्षेच्या फॉर्मबद्दल किंवा कॉलेजच्या क्रेडिटबद्दल काही अडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. मार्कांचा स्क्रीनशॉट पाठवणार असाल तर त्यावरचा रोल नंबर आधी झाका.